छापील पानाची भाषा पडद्यावर : नेक्स्ट आणि डिस्प्ले पोस्टस्क्रिप्ट

१२ ऑक्टोबर १९८८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी आपल्या नेक्स्ट या कंपनीचा नेक्स्ट कॉम्प्युटर लोकांसमोर आणला. काळा घनाकृती डबा, २५ मेगाहर्ट्‌झचा मोटोरोला ६८०३० प्रोसेसर, ८ मेगाबाइट मेमरी, १७ इंची करडा पडदा आणि किंमत ६,५०० डॉलर. या यंत्राबद्दल खूप लिहून झालं आहे. इथे त्यातला एकच निर्णय तपासायचा आहे. या यंत्राच्या पडद्यावर जे काही उमटेल, मग ती खिडकी असो, बटण असो, मेनू असो की पत्रातलं एक अक्षर, ते सगळं पोस्टस्क्रिप्टमध्ये काढायचं असं नेक्स्टनं ठरवलं होतं. पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णनाची भाषा. प्रिंटरला पान कसं दिसायला हवं हे सांगण्यासाठी ती घडवली गेली होती.

माझं मत आधीच सांगतो. निर्णय बरोबर होता. पण पोस्टस्क्रिप्ट घेताना नेक्स्टनं दोन वेगळ्या गोष्टी एका गठ्ठ्यात घेतल्या. एक चित्रणाची पद्धत, म्हणजे वक्र, रंग, अक्षरं, फिरवणं, मोठं-लहान करणं या सगळ्याचा एक शिस्तशीर विचार. दुसरी प्रोग्रामिंगची पूर्ण भाषा. पडद्याला गरज पहिलीची होती. दुसरीचं ओझं पुढची दहा-बारा वर्षं वाहावं लागलं.

आधी काय चाललं होतं

१९८५ साली अ‍ॅपलचा लेझररायटर आला. ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० ठिपके) प्रिंटर, आत पोस्टस्क्रिप्टचा इंटरप्रिटर (आज्ञा वाचून त्या अमलात आणणारा प्रोग्राम), १२ मेगाहर्ट्‌झचा ६८००० प्रोसेसर आणि दीड मेगाबाइट मेमरी. ज्या मॅकिंटॉशला तो जोडायचा त्याचा प्रोसेसरही ६८०००च, पण ८ मेगाहर्ट्‌झच्या आतबाहेर चालणारा. म्हणजे प्रिंटर संगणकापेक्षा ताकदवान होता, आणि ते साहजिक होतं. ३०० डीपीआयवर साडेआठ बाय अकरा इंचाचं पान म्हणजे ८४ लाखांहून अधिक ठिपके, ते साठवायलाच एक मेगाबाइट लागतो.

मॅकचा पडदा मात्र क्विकड्रॉ या मॅकच्या स्वतःच्या चित्रणव्यवस्थेवर चालायचा. त्याचे सगळे निर्देशांक पूर्णांक, इंचाला ७२ ठिपके धरलेले. बेझिए वक्र (मोजक्या बिंदूंवरून आखलेले गुळगुळीत वक्र) त्यात नव्हते, अक्षरं हव्या त्या कोनात फिरवता येत नव्हती. छापताना ड्रायव्हर क्विकड्रॉच्या आज्ञांचं पोस्टस्क्रिप्टमध्ये रूपांतर करायचा. क्विकड्रॉला जे सांगताच येत नव्हतं, ते चित्रात टिप्पणीच्या रूपानं दडवून थेट प्रिंटरपर्यंत पोहोचवायची पळवाट प्रोग्रामर काढत. त्यामुळे प्रत्येक गंभीर प्रोग्रामला चित्र दोनदा काढावं लागायचं : एकदा पडद्यासाठी अंदाजे, एकदा कागदासाठी खरं. दोन्हींत फरक पडला की वापरणाऱ्याला ते कागद हातात आल्यावर कळायचं.

नेक्स्टला हा दुभंगच नको होता. पडदा आणि कागद यांना एकच चित्रण असेल तर दोन कोड लिहायला नकोत आणि त्यांच्यात तफावत राहायची शक्यताही उरत नाही. अ‍ॅडोबी आणि नेक्स्ट यांनी मिळून डिस्प्ले पोस्टस्क्रिप्ट तयार केलं ते यासाठी.

भाषेचा स्वभाव

पोस्टस्क्रिप्टचा वंश इव्हान्स अँड सदरलँड या कंपनीपासून सुरू होतो. १९७६च्या सुमारास जॉन गॅफनी आणि जॉन वॉर्नॉक यांनी तिथे एक भाषा रचली. वॉर्नॉक पुढे झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत गेले, तिथे मार्टिन न्यूवेल यांच्याबरोबर त्याच कल्पनेची नवी आवृत्ती आली आणि त्यातून इंटरप्रेस ही प्रिंटरची भाषा निघाली. डिसेंबर १९८२ मध्ये वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी अ‍ॅडोबी काढली आणि १९८४ साली पोस्टस्क्रिप्ट बाजारात आलं.

भाषा स्टॅकवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या मूल्यांच्या चळतीवर, चालते. आधी आकडे, मग क्रिया. ‘१०० २०० मूव्हटू’ म्हणजे दोन आकडे स्टॅकवर ठेवा आणि लेखणी त्या बिंदूवर न्या. मग ‘लाइनटू’, ‘कर्व्हटू’ अशा आज्ञांनी मार्ग आखायचा, आणि शेवटी ‘स्ट्रोक’ म्हणून त्यावर रेघ ओढायची किंवा ‘फिल’ म्हणून आतला भाग भरायचा. एकक इंचाचा ७२वा भाग, आरंभबिंदू डाव्या खालच्या कोपऱ्यात, कारण आलेख कागदावर आपण तसाच काढतो. निर्देशांकांचं अख्खं जाळं सरकवता, फिरवता, ताणता येतं. ‘जीसेव्ह’नं सध्याची अवस्था जपायची, हवं ते करायचं, ‘जीरिस्टोर’नं परत यायचं. ठिपके किती बारीक आहेत याची चौकशी प्रोग्रामनं करायचीच नाही. उपकरण ते आपलं आपण बघेल. या भाषेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच.

त्याखेरीज तिच्यात लूप आहेत, अटी आहेत, प्रोसीजर आहेत, शब्दकोश आहेत. ती पूर्ण प्रोग्रामिंगची भाषा आहे. प्रिंटरला याचा फायदा होता : संगणकातून प्रिंटरकडे जाणारी तार हळू होती, म्हणून वारंवार लागणारी नक्षी एकदा प्रोसीजर म्हणून पाठवून पुढे फक्त तिचं नाव घ्यायचं.

नेक्स्टनं मांडणी कशी केली

पडद्यावर चित्र काढण्याचा अधिकार एकाच प्रक्रियेकडे होता, तिचं नाव विंडो सर्व्हर. डिस्प्ले पोस्टस्क्रिप्टचा इंटरप्रिटर तिच्या आत. प्रत्येक प्रोग्रामला सर्व्हरमध्ये स्वतःचा वेगळा संदर्भ मिळायचा, म्हणजे एकाच वेळी अनेक पोस्टस्क्रिप्ट प्रोग्राम एकमेकांच्या पायात न येता चालायचे. प्रिंटरवर हे लागत नाही, तिथे एकामागून एक काम येतं.

प्रोग्राम लिहिणाऱ्यानं पोस्टस्क्रिप्टची वाक्यं हातानं जोडत बसू नये म्हणून ‘पीएसरॅप’ नावाचं साधन होतं. पोस्टस्क्रिप्टचा छोटा तुकडा त्याला दिला की ते त्यापासून सी भाषेतलं फंक्शन बनवून द्यायचं. खिडकीतल्या प्रत्येक दृश्यभागाची स्वतःला काढण्याची एक मेथड असायची, आणि मुख्य मेख इथे आहे : छपाईची आज्ञा आली की तीच मेथड पुन्हा बोलावली जायची, फक्त तिच्यातून निघणारं पोस्टस्क्रिप्ट सर्व्हरऐवजी छपाईकडे वळायचं. छपाईसाठी वेगळं चित्रण लिहायची बहुतेक वेळा गरजच पडायची नाही.

नेक्स्टच्या लेझर प्रिंटरमध्ये तर इंटरप्रिटरच नव्हता. ४०० डीपीआयचं पान संगणक स्वतः तयार करायचा आणि तयार ठिपके प्रिंटरकडे सोडायचा. लेझररायटरच्या उलट, इथे प्रिंटर मुका आणि संगणक शहाणा. एकच इंटरप्रिटर दोन्हीकडे वापरल्यामुळे प्रिंटर स्वस्त करता आला. मला हा त्या निर्णयाचा सर्वांत हुशार परिणाम वाटतो.

पडद्यावर आल्यावर काय बिघडलं

सगळ्यात आधी रेघ.

पोस्टस्क्रिप्टचा नियम असा की आकृती ज्या ज्या ठिपक्याला जराशी जरी स्पर्श करेल तो अख्खा ठिपका रंगवायचा. आता पडद्यावर एक ठिपका जाडीची उभी रेघ १० या जागी ओढू. रेघ मार्गाच्या दोन्ही बाजूंना सारखी पसरते, म्हणजे ती ९.५ ते १०.५ एवढी जागा घेते. ती दोन ठिपक्यांना शिवते, दोन्ही रंगतात. तीच रेघ १०.५ वर ओढली तर ती १० ते ११ मध्ये नेमकी बसते आणि एकच ठिपका रंगतो. एकाच जाडीच्या दोन रेघा, आणि एक दुसरीच्या दुप्पट जाड दिसते. ४०० डीपीआयच्या कागदावर एका एककात साडेपाच ठिपके येतात. रेघ सहा ठिपक्यांची झाली की सातची, हे डोळ्याला कळत नाही, कारण एक ठिपका म्हणजे ०.०६ मिलिमीटर. नेक्स्टच्या पडद्यावर इंचाला साधारण ९२ ठिपके होते. तिथे हा फरक तक्त्याच्या प्रत्येक चौकटीत, प्रत्येक बटणाच्या कडेला दिसणार.

उपाय म्हणून डिस्प्ले पोस्टस्क्रिप्टमध्ये रेघ-समायोजन आलं. ते चालू असेल तर इंटरप्रिटर रंगवण्याआधी रेघेचे निर्देशांक किंचित सरकवतो, त्यामुळे रेघ कुठेही पडली तरी तिची जाडी एकसारखी राहते आणि मागितलेल्या जाडीपासून अर्ध्या ठिपक्यापेक्षा जास्त ढळत नाही. उपाय उत्तम होता, पण तो फक्त ओढलेल्या रेघांना लागू. भरलेल्या आयतांना नाही. बटणांच्या उठावदार कडा भरलेल्या आयतांनी काढतात, म्हणून तिथे प्रोग्रामरला ठिपक्यांच्या सीमा मोजूनच काम करावं लागायचं. ठिपक्यांची चौकशी करायची नाही हे भाषेचं वचन इथे निदान पडद्यापुरतं मोडलं.

काहींनी आणखी सोपा मार्ग धरला : रेघेची जाडी शून्य द्यायची. शून्य म्हणजे उपकरणाला जमेल तितकी बारीक, पडद्यावर एक ठिपका, झटपट आणि सुबक. तीच फाइल छापखान्याच्या २५४० डीपीआयच्या यंत्रावर गेली की रेघ ०.०१ मिलिमीटरची होते, म्हणजे जवळजवळ नाहीशी. पडद्यावर जे दिसतं तेच कागदावर येईल या भरवशावर बसलेल्या माणसाला हा मोठाच धक्का.

दुसरं दुखणं करड्या छटांचं. नेक्स्टच्या पडद्याला एका ठिपक्यामागे दोनच बिट, त्यामुळे पांढरा, फिकट करडा, गडद करडा आणि काळा या चारच छटा. मधली कुठलीही छटा मागितली की ती ठिपक्यांच्या जाळीनं भासवली जायची, छापखान्यात हाफटोन करतात तशीच. कागद स्थिर असतो, तिथे प्रश्न नाही. पडद्यावर मजकूर सरकवला जातो, तेव्हा आधीचे ठिपके उचलून वर ठेवतात आणि फक्त खालची नवी पट्टी नव्यानं काढतात. जुन्या भागातली जाळी आणि नव्या पट्टीतली जाळी जुळली नाही तर मध्ये स्पष्ट शिवण दिसते. म्हणून जाळीची सुरुवात कुठून धरायची हे सांगणारा खास ऑपरेटर घालावा लागला. पान सरकवण्याची कल्पनाच छपाईच्या भाषेत नव्हती, याचं याहून नेमकं उदाहरण मला सापडत नाही.

तिसरा आणि सर्वांत चिवट प्रश्न अक्षरांचा. हेल्व्हेटिका या फॉन्टच्या बाह्यरेषा १००० एककांच्या चौकटीत आखलेल्या असतात आणि त्यातली बरीच छोटी अक्षरं, ए, बी, डी, ई, एन, ओ, ५५६ एकक रुंद आहेत. १२ ठिपक्यांच्या आकाराला हे ६.६७ ठिपके होतात. पडद्यावर ठिपक्याचा तुकडा रंगवता येत नाही, म्हणून ७ धरायचे. फरक ०.३३ ठिपक्याचा. साठ अक्षरांची ओळ घेतली तर तोच फरक वीस ठिपक्यांपर्यंत, म्हणजे जवळपास तीन अक्षरांच्या जागेपर्यंत जातो. आता दोनच वाटा. पडद्याच्या रुंदी धरल्या तर ओळ कागदावर वेगळ्या ठिकाणी मोडेल. कागदाच्या रुंदी धरल्या तर ओळ बरोबर मोडेल, पण पडद्यावर काही अक्षरं चिकटलेली, काही फाकलेली दिसतील. डिस्प्ले पोस्टस्क्रिप्टनं प्रत्येक अक्षराचं अंतर वेगळं सांगता येईल असे ऑपरेटर दिले, आणि नेहमीच्या आकारांसाठी हातानं ठिपका-ठिपका घडवलेले बिटमॅप फॉन्ट सोबत ठेवले, कारण बारा ठिपक्यांच्या उंचीत बाह्यरेषेवरून निघालेलं अक्षर वाचायला त्रासदायक होतं. तडजोड कुठली करायची ते मात्र प्रोग्रामरनंच ठरवायचं होतं. हा प्रश्न भाषेचा नव्हताच, ठिपक्यांच्या आकाराचा होता, आणि कोणत्याही भाषेनं तो सुटला नसता.

याला जोडून एक गोष्ट : नेक्स्टच्या पडद्यावर एक एकक म्हणजे एक ठिपका धरला होता. इंचाला ९२ ठिपके असल्यामुळे ७२ एककांचा ‘इंच’ पडद्यावर जेमतेम पाऊण इंच भरायचा. पडदा आणि कागद यांचं प्रमाण जुळत होतं, माप नाही.

वेगाचा प्रश्न अपेक्षितच होता. प्रत्येक शब्द वाचायचा, त्याचा अर्थ शब्दकोशांत शोधायचा, मग कृती करायची; पान छापताना काही सेकंद गेले तर चालतात, मेनू उघडताना नाही. म्हणून आज्ञांचं बायनरी रूप आलं, अख्खा मार्ग एका गठ्ठ्यात देण्याची सोय आली, आयत भरायला थेट ऑपरेटर आले. सर्व्हरला प्रश्न विचारून उत्तराची वाट बघणं महाग पडायचं, त्यामुळे आज्ञा एकतर्फी पाठवत राहायच्या ही शिस्त प्रोग्रामर शिकले. यातल्या बऱ्याच सोयी पुढे पोस्टस्क्रिप्टच्या दुसऱ्या पातळीत प्रिंटरकडेही गेल्या. पडद्यानं कागदाच्या भाषेला काहीतरी परत दिलं, हे मला आवडतं.

शेवटी पारदर्शकता. पोस्टस्क्रिप्टचा रंग अपारदर्शक असतो : नवा थर जुन्याला पूर्ण झाकतो. पडद्यावर आयकॉन ओढताना, चित्रं एकमेकांत मिसळताना हे पुरत नाही. नेक्स्टनं १९८४ साली थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी मांडलेलं थरांच्या मिश्रणाचं गणित घेऊन स्वतःचे ऑपरेटर जोडले. पडद्यावर ते सुरेख चालले. पण हे ऑपरेटर जगातल्या दुसऱ्या कुठल्याच पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरला ठाऊक नव्हते. पडदा आणि कागद एक करायला निघालेल्या व्यवस्थेत दोघांना पुन्हा वेगळं करणारी फट नेक्स्टनंच पाडली, आणि ती पाडल्याशिवाय त्यांना गत्यंतर नव्हतं.

दुसरी वाट

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स गॉस्लिंग आणि डेव्हिड रोझेन्थल यांनी नेक्स्टच्या आधीच पोस्टस्क्रिप्ट पडद्यावर आणलं होतं. त्यांच्या न्यूज या प्रणालीनं भाषेच्या अंगालाच महत्त्व दिलं. इंटरप्रिटर सनचा स्वतःचा, आणि त्यात हलक्या प्रक्रिया, माऊस-कीबोर्डच्या घटना, वस्तुनिष्ठ रचना असं बरंच काही भरलेलं. बटण दाबल्यावर काय व्हावं याचा प्रोग्रामच सर्व्हरकडे पाठवायचा, म्हणजे दर हालचालीला नेटवर्कवर फेऱ्या नकोत. कल्पना काळाच्या पुढची होती. पण प्रोग्रामरला एकच काम दोन भाषांत विभागून लिहावं लागायचं, आणि शेजारी एक्स विंडो ही खिडक्यांची दुसरी प्रणाली फुकट मिळत होती. न्यूज हरलं. सननं पुढे स्वतः अ‍ॅडोबीचं डिस्प्ले पोस्टस्क्रिप्ट घेतलं.

दोन्ही शेजारी ठेवली की नेक्स्टचा संयम दिसतो. नेक्स्टनं भाषा फक्त चित्र काढण्यापुरती वापरली. प्रोग्रामचं डोकं ऑब्जेक्टिव्ह-सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत ठेवलं. म्हणून पुढे भाषा काढून टाकता आली.

भाषा गेली

डिसेंबर १९९६ मध्ये अ‍ॅपलनं नेक्स्ट विकत घेत असल्याचं जाहीर केलं. १९९९ च्या मॅक ओएस टेन सर्व्हर १.० मध्ये डिस्प्ले पोस्टस्क्रिप्ट अजून होतं. २४ मार्च २००१ रोजी मॅक ओएस टेन १०.० आलं तेव्हा त्याच्या जागी क्वार्ट्‌झ होतं. अ‍ॅडोबीला द्यावं लागणारं परवाना शुल्क हे कारण सर्रास सांगितलं जातं. मला ते अपुरं वाटतं.

प्रोग्राम असलेल्या फाइलची एक अडचण पैशांशी निगडित नसते : ती चालवल्याशिवाय तिच्यात काय आहे ते कळत नाही. शंभराव्या पानाला पोचायला आधीची नव्याण्णव चालवावी लागू शकतात, आणि चुकून अनंत लूप असेल तर कधीच पोचणार नाही. म्हणून अ‍ॅडोबीनंच १९९३ साली पीडीएफ आणलं. चित्रण पोस्टस्क्रिप्टचंच, पण लूप नाहीत, अटी नाहीत, प्रत्येक पान स्वतंत्र. क्वार्ट्‌झनं पीडीएफची हीच चित्रणपद्धती घेतली. इंटरप्रिटर गेला, आज्ञांच्या जागी सी भाषेतली साधी फंक्शनं आली. चित्र काढण्याचं काम सर्व्हरमधून निघून प्रत्येक प्रोग्रामच्या आत आलं आणि सर्व्हरकडे खिडक्या एकमेकींवर रचण्याचं काम उरलं. कडा मऊ झाल्या, पारदर्शकता मुळातच आली. त्याच २००१ साली पीडीएफ १.४ मध्येही पारदर्शकता आली, आणि नेक्स्टला पाडावी लागलेली ती फट बुजायला लागली.

प्रोग्राम लिहिणाऱ्याला बदल जाणवला, पण दृश्यभागाची रचना, एककं, डावा खालचा आरंभबिंदू, अवस्था जपणं-परत येणं, छपाईला तीच मेथड बोलावणं हे सगळं तसंच राहिलं. आजही मॅकवर नवी खिडकी उघडली तर तिचा शून्य डावीकडे खालीच असतो.

२००४ मध्ये अ‍ॅपलनं ब्राउझरच्या पानात चित्र काढण्यासाठी कॅनव्हास आणला. मूव्हटू, लाइनटू, स्ट्रोक, फिल, सेव्ह, रिस्टोर या त्याच्या आज्ञा पोस्टस्क्रिप्ट जाणणाऱ्याला ओळखीच्या वाटतात. फक्त रेघ-समायोजन त्यात नाही. म्हणून साध्या पडद्यावर कॅनव्हासमध्ये एक ठिपका जाडीची रेघ १० या जागी ओढली की ती दोन ठिपक्यांवर पसरून फिकट पडते, आणि नवखा प्रोग्रामर उत्तर शोधत फिरतो. उत्तर असतं : १०.५ वर ओढा.